गल्लीकडची भिंत

ओनोमिची,
१८ नोव्हेंबर

प्रिय ताकुमा,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी पडली. शेजारच्या मोरिशिता काकूंनी पर्सिमॉनची फळं सोलून ओसरीत वाळायला टांगलीत. तू आईसाठी बांधलेल्या घराला बक्षीस मिळालं, ते कळलं. मासिकही आलं. ‘परिसराशी मूक संवाद साधणारं घर’ असं छापलंय. वाचून किळस आली मला. अभिनंदन नंतर करीन.

फोटोत गल्ली कशी धुतल्यासारखी दिसते. दिसणारच. काकूंच्या दोरीवरचे कपडे तू काढायला लावलेस आणि आईचं दाराबाहेरचं स्टूल तुझ्या माणसांनी आत कोंबलं. ती तिथे का बसायची, विचारलंस कधी? आत तुझं एकुलतं मेपलचं झाड आणि चार करड्या भिंती. गल्लीकडे एक फट नाही. माणसं बघायला बाईला स्वतःच्या घराबाहेर बसावं लागायचं.

जुन्या घराच्या खिडकीच्या लाकडी फळ्या ती रोज सकाळी खडखड करत सरकवायची. नवं घर बांधताना तू त्या काढून टाकल्यास आणि म्हणालास, “कटकट गेली एकदाची.”

आई इस्पितळात आहे. मला म्हणाली, “त्याचा समारंभ होऊ दे, मग सांग.” न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस हाका मारत होती. भिंत तुझी चांगली जाड, बाहेर काही गेलं नाही. फोन उचलेना म्हणून मी धावत गेले, तेव्हा सापडली.

काकू रडत होत्या. “अगं सुमिए, फळ्या वाजल्या की मला कळायचं, बाई उठल्या. वाजल्या नसत्या तर मी दार फोडलं असतं. आता त्या भिंतीकडे बघून काय कळणार? मला वाटलं, लेकाकडे टोकियोला गेल्या.”

आई आता घरी यायला तयार नाही. म्हणते, “तिथे नको. वृद्धाश्रमात खिडकी तरी असेल.” आणि वर मलाच, “त्याला हळू सांग गं.” हे मी हळूच सांगतेय.

शनिवारी गवंडी गल्लीकडची भिंत फोडणार आहे. जुन्या फळ्या काकूंनी तेव्हाच उचलून ठेवल्या होत्या, त्याच बसवू. खिडकी होणार असेल तर येते म्हणाली आई. फक्त एवढंच विचारलं, “ताकुमाला चालेल ना?”

मी काय सांगू तिला? तूच येऊन सांग. गल्लीत काकूंचे कपडे वाळत असतील, खालून वाकून ये.

तुझी ताई,
सुमिए