माझ्याच लेखाची मी केलेली चोरी

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकले तर मान तिथेच अडकेल, इतकी ती आखडली आहे.) तुझ्या गुडघ्याला आता बरं आहे असं समजलं (वहिनी, फोनवरून, परवा). तू औषध मात्र वेळेवर घेत नाहीस असंही समजलं (तीच, तेव्हाच). हे कंस बघून दचकू नकोस. गेले कित्येक दिवस मी एका लेखाची संदर्भसूची करते आहे आणि आता कोण म्हणालं, कुठे म्हणालं, हे सांगितल्याशिवाय मला साधं 'भाजी संपली' असंही म्हणता येत नाही.

तुला ठाऊकच आहे की कॉलेजातली माझी नोकरी अजून तात्पुरतीच आहे. कायम व्हायची तर एखाद्या नावाजलेल्या संशोधन पत्रिकेत लेख छापून यायला हवा, तोही याच वर्षी. नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणून मी माझा जुनाच विषय काढला: माणसं रांगेत मध्ये कशी घुसतात. लेख पाठवला आणि तो सुखरूप परत आला. मला वाटलं, काहीतरी मोठी वैचारिक चूक निघाली. छे! रांगेबद्दल अवाक्षर नाही. आडनावानंतर स्वल्पविराम हवा, सालाभोवती कंस हवा, कंसानंतर पूर्णविराम हवा आणि पुस्तकाचं नाव तिरक्या अक्षरात हवं, एवढंच. मी ते उभ्या अक्षरात ठेवलं होतं. धडधाकट बाईची नोकरी तिरक्या अक्षरावर अडू शकते हे मला या वयात कळावं!

मग सगळं घर कामाला लागलं. तुझे मेहुणे मोठ्यानं सूची वाचायचे आणि मी खुणा तपासायची. ते 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' असं खणखणीत उच्चारून वाचायचे, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बाई आपल्या नातीची शिकवणी लावायला आल्या. सासूबाईंना निराळाच धक्का बसला. एवढे मोठे विद्वान, आणि त्यांचं नुसतं आडनाव आणि नावाचं एक अक्षर? ना श्री., ना सौ.? "अगं, आपण दूधवाल्याशीसुद्धा असं बोलत नाही," म्हणाल्या. मी चहा टाकायला उठले तेवढ्यात त्यांनी पेन्सिलीनं सगळ्यांना 'श्री.' लावून टाकलं. बायकांनाही. (एका अक्षरावरून बाई की बुवा हे कसं कळणार, अशी त्यांची बाजू आहे.) ते खोडण्यात माझा रविवार गेला.

आता खरा घोटाळा ऐक. त्या सूचीत माझा स्वतःचाही एक लेख आहे, लग्नाआधी लिहिलेला, याच रांगांवरचा. दवाखान्याच्या रांगेत मी दिवस दिवस उभी राहायचे आणि तू कुरकुरत डबा आणून द्यायचास, तोच. तो अर्थातच माहेरच्या आडनावानं छापलेला, आणि पत्रिकेचा नियम असा की लेखावर जे नाव आहे तेच सूचीत द्यायचं. दुसरा नियम असा की परीक्षकाला लेखकाची ओळख पटता कामा नये, म्हणून मजकुरात 'मी' म्हणायचं नाही. मी दोन्ही नियम इमानेइतबारे पाळले. स्वतःबद्दलच लिहिलं की 'सदर संशोधिकेचे निष्कर्ष काहीसे उतावीळ आहेत'. घरातल्या लहान मुलीला लाडानं चापटी मारावी, तितपतच.

सुधारलेला लेख गेला आणि परीक्षकांचा अभिप्राय आला. दादा, तो ऐकच. म्हणे, प्रस्तुत लेखकाने त्या विदुषीची निरीक्षणे जशीच्या तशी उचलली आहेत, वर तिलाच उतावीळ म्हणण्याचे धाडस केले आहे, आणि एवढे करूनही तिची उंची काही गाठता आलेली नाही. मी चोर! तीही माझ्याच घरात शिरलेली! तुझे मेहुणे म्हणाले, "अगं, तुझी स्तुतीच आहे की!" स्तुती आहे हे मलाही कळतं, पण जिची स्तुती आहे तिला नोकरी नकोय, आणि जिला हवीय ती चोर ठरलीय.

तातडीनं पत्रिकेच्या कचेरीत फोन केला आणि तिथल्या बाईंना सांगितलं की ती विदुषी म्हणजे मीच. त्या जांभई देत म्हणाल्या, "असं बरेच जण म्हणतात हो." त्यानंतर संपादकांचं कार्ड आलं. वाद मिटावा म्हणून लेख खुद्द त्या विदुषींकडेच पाठवत आहोत, त्यांचं मत अखेरचं. म्हणजे माझा लेख छापायचा की नाही हे आता मी ठरवायचं! कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कुणी चेष्टा तर करत नाही ना. शिक्का खरा होता. तेव्हापासून मी घरात भूत पाहिल्यासारखी वावरते आहे.

बाकी सगळे मजेत. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या गुडघ्याला तेल.

तुझी धाकटी
(सध्या दोन बायका)

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. जुन्या लेखाखाली पत्ता तुझ्या घराचा आहे, तेव्हा पाकीट तिथेच येईल, माझ्या माहेरच्या नावानं. तुझी शिस्त मला माहीत आहे. भलत्या नावाचं टपाल तू दारातूनच परत करतोस. एवढं एक मात्र घे आणि लगेच इकडे धाड. मी लेखाची अशी तारीफ करणार आहे की परीक्षकांनी बघतच राहावं. चोरीचं म्हणशील तर जिच्याकडे झाली तिची काही तक्रार नाही.

ता. क. २ : पाकिटाची घाई राहू दे. पत्र बंद करण्याआधी तारीफ लिहून ठेवावी म्हणून दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचायला बसले, तिच्या जागी बसून. दादा, आतापर्यंतचे धक्के काहीच नव्हेत. जुन्या लेखात एक म्हातारा आहे. तो खोटं खोटं खोकत रांगेत पुढे सरकतो आणि खिडकीशी पोचल्यावर आपली जागा एका तान्ह्या बाळाच्या आईला देऊन पुन्हा मागे जाऊन उभा राहतो. नव्या लेखात एकही माणूस नाही. नुसती आडनावं आहेत, एकामागे एक उभी. जिवंत आहे तेवढं तिचं, उरलेलं माझं. परीक्षक खरं तेच बोलले होते. मत लिहून टाकलं: 'लेख छापू नये. लेखिकेने आधी रांगेत उभे राहावे.' दोघी मीच, हेही लग्नाच्या दाखल्यासकट संपादकांना कळवलं आहे. जागा बहुतेक हातची गेली आणि मला रडू येतंय, तुझ्यापासून काय लपवू. पण सही करताना नवल वाटलं. माहेरच्या आडनावानं इतक्या वर्षांत एकदाही सही केली नव्हती, तरी हात जरासुद्धा अडखळला नाही.