इंद्राला सुट्टी

तीर्थरूप चामोईताईस बुनलूचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? बँकॉकला दिवसभर नूडल्सच्या गाडीवर उभी असतेस म्हणजे बरे नसणारच, पण विचारायची पद्धत आहे. (लहानपणी नदीत पडलो तेव्हा मला तूच ओढून काढलंस, आणि लामदुआनमावशी फक्त तुझंच ऐकते, हे आज सहज आठवलं.) इकडे सगळे मजेत. म्हणजे मी सोडून.

आपल्या लिके नाटकमंडळीचा खेळ कसा संपतो ते तुला माहीतच आहे. राजपुत्र संकटात सापडला की स्वर्गात इंद्राचं मऊ आसन दगडासारखं कडक होतं, त्याला बसवत नाही, मग तो खाली उतरून सगळं निस्तरून जातो. मंडळी मावशीची, म्हणून मी तिला म्हटलं, एकदा तरी इंद्राला सुट्टी दे, माणसांचा घोळ माणसांनाच निस्तरू दे. ती म्हणाली, "कर तुझ्या मनासारखं. पण शेवट पटला नाही तर उद्यापासून गोष्ट फ्वेनकाका सांगणार आणि तू पडदा ओढणार." ताई, गोष्ट सांगण्यावाचून मला काही येत नाही. पडदासुद्धा नाही.

गोष्ट मी चोख बांधली होती. राजपुत्र आधी तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या आजारी आईला औषध देतो. शेवटी तोच पहारेकरी उपकार स्मरून कुलूप उघडतो. रंग लावत बसलेल्या सगळ्यांना नीट समजावली. (आपल्यात लेखी काही नसतं, गोष्ट ऐकायची आणि सुचेल ते बोलायचं, हेच माझं दुर्दैव.) फ्वेनकाकाला आज काम नाही म्हणून सांगितलं, तरी तो सवयीने इंद्राचा हिरवा रंग फासून विंगेत भात खात बसला.

राजपुत्र आपला विचियन. पुढे हार घेऊन बसलेल्या आज्या दिसल्या की त्याच्या अंगात येतं. तुरुंगात रडता रडता त्याला शौर्य सुचलं, आणि गजांतून हात घालून त्याने पहारेकऱ्याचीच तलवार ओढून त्याला ठार केलं! किल्ली मेलेल्याच्या कमरेला, आणि तो पडला हात पोचणार नाही इतका लांब. विचियन गाणं लांबवत माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. आज्या ओरडायला लागल्या, "अरे, इंद्र मेला की काय तुमचा?" काका घास गिळून म्हणाला, "जाऊ का? माझं आसन केव्हाचं कडक झालंय, खोक्यावर बसलोय." मी म्हटलं, "खबरदार!" तेवढ्यात मेलेला पहारेकरी उठला, विचियनच्या हातात किल्ली कोंबून म्हणाला, "घे बाबा, आईला औषध दिलंस म्हणून. लाल मुंग्या फार चावतायत इथे." आणि जरा पलीकडे, मुंग्या नव्हत्या तिथे, पुन्हा मेला.

लोक हसून लोळले. मला वाटलं, जिंकलो. मावशी म्हणाली, "देव उतरलेला खोटा वाटतो, आणि मढं उठलेलं चालतं होय रे? उद्या पडदा."

तरी माझं मत कायम आहे. आयत्या वेळी कुणीतरी टपकून सगळं सोडवणं हा निव्वळ आळस.

तुझा,
बुनलू

ता. क. पत्र सकाळच्या बसवाल्याबरोबर धाडतोय. दुपारच्या बसने ये, न कळवता, खेळाच्या ऐन आधी, आणि मावशीला समजाव.

आणखी एक. फ्वेनकाका खांद्यावरून वाचतोय. म्हणतो, "ही ताई अशी मध्येच कुठून टपकली? आधी काहीतरी पेरायला नको?" म्हणून सुरुवातीचं नदीचं वाक्य आत्ता दाटीवाटीने घुसवलंय. नदीतून मला काकाने काढलं होतं, तू तर काठावर रडत होतीस, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. पण मावशी त्याचं ऐकत नाही.