छपराखालची भाकरी

ता. एदलाबाद, रविवार, २४ फेब्रुवारी १९९१

तीर्थस्वरूप लीलाधरभाऊंस पंडितचा वाकून नमस्कार. वहिनींचा खोकला थांबला का? तुमची रात्रपाळी संपली का, तेही कळवावे. इकडे सर्व ठीक आहे. (नसते तर आधी तेच लिहिले असते.)

तुमची बहीण, म्हणजे माझी सौ. कुंदा, दहावीच्या परीक्षेसाठी तुमच्याकडे भुसावळला आली, त्याला आज तेवीस दिवस झाले. तिचा सतरा नंबरचा फॉर्म मीच भरला होता, चार वेळा तपासून. (मी स्वतः दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.) ती गेली आणि तिसऱ्याच दिवशी आई ओट्यावरून घसरली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आबांनी लगेच जाहीर केले, "सूनले आना. परीक्षा काय, पुढच्या सालीबी येते." पुढच्या सालीही हेच ऐकावे लागेल, हे मला कळत होते. म्हणून मी ठोकून दिले की शेजारच्या ताईबाई भाकरी करून देतील, आणि दार लावून स्वतःच करू लागलो. आई खाटेवरून सांगे, मी थापी. पहिल्या भाकरीला चार कोपरे होते. आठव्या दिवशी मात्र भाकरी टम्म फुगली. आबा चौथी मागून घेत म्हणाले, "बाईच्या हाताची चवच न्यारी!" मी मान खाली घातली, पण माझी छातीही फुगली होती, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

नवव्या दिवशी ताईबाई विरजण मागायला मागच्या दाराने आल्या. (त्या दाराची कडी मी तपासली नव्हती, याचे मला अजून वाईट वाटते.) मी कोपरापर्यंत पिठात. "काय रे पंडित, बांगड्या कोन्या नंबरच्या लागतीन?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले. आबांनी ताट सरकवले. पीठ तेच, तवा तोच, पण चव गेली म्हणाले. "उद्या भुसावळले जातो."

त्या रात्री मी खूप विचार केला. गेल्या महिन्यात याच आबांनी अकरा जणांना घेऊन आमच्या वावरात भरताची पार्टी केली. वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजली, सोलली, लाकडी बडगीत कुटली, कांदे चिरताना सगळे रडले. कोणी कोणाला बांगड्यांचा नंबर विचारला नाही. मग फरक कशाचा? भाऊ, फरक छपराचा! आत केले की बायकी, बाहेर केले की मर्दानी. पहाटे चूल, तवा, पिठाचा डबा आणि आई, सर्व बैलगाडीत घालून वावरात नेले आणि सांगितले, आजपासून रोज पार्टी. आबा शोधत आले, लिंबाखाली बसले आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी खाऊन म्हणाले, "हे खरं मरदाचं जेवन!" आईलाही मी पंगतीतच बसवले. तिने पहिला घास मोडला. मग म्हणाली, "लगन झाल्यापासून तव्यावरची गरम भाकर आज खाल्ली." भाऊ, मी दहावी पास झालो असतो तरी मला एवढे वाटले नसते.

आता रोज सात-आठ माणसे जेवायला असतात. माझ्या भाकरीचे नाव पार वेशीपर्यंत गेले आहे.

आपला,
पंडित

ता. क. खरे काम आता लिहितो. ताईबाईंचे मालक उखर्डूकाका रोज पार्टीला येतात आणि घरी जाऊन भाकरीचे गुण गातात. ताईबाई म्हणाल्या, "वावरात जमते, तं घरात काबरं नाही जमत?" आणि हाताची घडी घालून बसल्या. आणखी तीन घरांत तसेच झाले. मग त्या घरांतले सगळे पुरुष मिळून आबांकडे आले, की तुमची सून आणा, आमची घरे बिघडू लागली. आबा गुरुवारी पहिल्या एसटीने तुमच्याकडे निघत आहेत. पेपर पुढच्या आठवड्यात आहेत. काही झाले तरी कुंदाला पाठवू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आबा येऊन गुरुवारची शिदोरी सांगून गेले. भाकरी माझ्याच हातची हवी, आणि घाई असल्याने घरातच केलेली. जाताना कानाशी म्हणाले, "सूनले आनतो, पन भाकर तूच करजो. तिची जाड राहते." मग तिला आणायचे कशाला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. भाऊ, तुम्ही मोठे आहात. गुरुवारी तेवढे तुम्ही विचारा.