पर्यटकाच्या व्हिसावर बाळंतपण

प्रिय क्षिप्रा,

पहिल्या शब्दालाच अडले होते. तुला दिलेल्या प्रत्येक पाकिटावर मी ‘चि. सौ. क्षिप्रा’ असं लिहीत आले. तसं ते आजही चुकीचं नाही. चिरंजीव तू आहेसच, सौभाग्यवतीही आहेस, फक्त आमच्या घरची नाहीस. म्हणून मग ‘प्रिय’ लिहिलं. ह्यांनी मागून डोकावून विचारलं, “पत्र कसलं लिहितेस, फोन कर की.” पण फोनवर तू म्हणतेस, “काही आणू नका, नुसत्या या,” मी म्हणते “बरं,” आणि फोन ठेवला की ध्यानात येतं, विचारायचं ते राहूनच गेलं. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

तुमच्या जुन्या खोलीत पलंगावर बॅग उघडी पडली आहे. रोज भरते आणि रोज रिकामी करते. मी आयुष्यात एकदाच परदेशी गेले, तेही ह्यांच्या बँकेतल्या मंडळींबरोबर, आणि तेव्हा काय घ्यायचं ते सगळं कुणीतरी आधीच ठरवलेलं होतं. आता पुढच्या आठवड्यात एकटी इंडोनेशियाला, तुझ्या जोगजाला यायचं आहे, मध्ये सिंगापूरला विमान बदलायचं आहे, आणि मला साडी नेसून यावं की ड्रेस घालून, इथपासून काही सुचत नाही.

तुझा फोन आला त्या दिवशी मी कोथिंबीर निवडत होते. तुझं नाव स्क्रीनवर पाहून आधी वाटलं, चुकून लागला असेल. तुझं आणि आशूचं वेगळं होऊन चार वर्षं होत आली. दिवाळीला तुझा मेसेज येतो, पण त्यात ‘आई’ नसतं, ‘काकू’ही नसतं, थेट ‘शुभ दीपावली’ असतं. मीही तसाच पाठवते. त्या दिवशी तू म्हणालीस, “मला सातवा लागलाय. तुम्ही याल का?” त्याच्या आधी एक शब्द होता. फोनचा आवाज तुटला त्यात तो गेला. तो ‘आई’ होता, की नुसतंच ‘अहो’ होतं, की तुला हुंदका आला होता, कोण जाणे. तूच पुढे म्हणालीस, “इकडची सासू, बायुची आई, फार चांगली आहे, ती सगळं करेल. पण कळा मराठीतच येतील हो. तेव्हा माझ्यावर मराठीत ओरडायला कुणीतरी हवं.” मी हसले आणि येते म्हणून टाकलं. ह्यांना विचारायचं असतं हे फोन ठेवल्यावर आठवलं.

जेवणानंतर ताक पिताना हे म्हणाले, “आपण तिचे कोण, नंदिनी?” मी म्हटलं, “माहीत नाही.” त्यावर उठून कपाटाशी गेले. मला वाटलं चिडले. पाच मिनिटांनी माझा पासपोर्ट घेऊन आले आणि म्हणाले, “मुदत भरपूर आहे. जा.” त्यानंतर या विषयावर त्यांनी एक अक्षर काढलेलं नाही, पण बॅगेला अडकवून वजन करायचा काटा आणून ठेवला आहे आणि मी जरा इकडेतिकडे झाले की वजन करून बघतात.

आमच्या समोरच्या प्राचीला तू ओळखतेस. ती ग्रुपबरोबर बालीला जाणार आहे. सीवूड्स स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये त्या ट्रॅव्हलवाल्यांनी सूचना द्यायला सगळ्यांना बोलावलं होतं. प्राची म्हणाली, “तूही इंडोनेशियालाच चाललीस ना, चल.” तिला मी फिरायला जाते असंच सांगितलं होतं. आणि खोटं तरी कुठे, व्हिसा पर्यटकाचाच मिळणार आहे. तर एक चुणचुणीत मुलगी पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होती. सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घ्या, गडद रंगावर डास बसतात. पूर्ण बाह्यांचे घ्या. काढायला-घालायला सोप्या चपला घ्या, कारण घरात आणि देवळात त्या बाहेरच काढायच्या. छत्री, ओआरएसच्या पुड्या, औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी. इथवर मी मान डोलावत होते. मग ती म्हणाली, सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी सामानात खसखस अजिबात ठेवू नका, पकडतात. डिंकाच्या लाडवात मी मूठभर खसखस घालून बसले होते.

पुढचं ऐकून तर मला काही कळेनासंच झालं. ती म्हणाली, कुणालाही काही देताना-घेताना उजवाच हात वापरा. बोट दाखवू नका, अंगठ्याने दाखवा. कमरेवर हात ठेवून उभं राहू नका, ते लोक त्याला राग समजतात. आता तूच सांग, मी दुसरी कशी उभी राहते? मग म्हणाली, तळपाय कुणाच्या दिशेला करू नका. आणि कुणाच्याही डोक्याला हात लावू नका, लहान मुलांच्यासुद्धा. मी सरळ हात वर केला आणि विचारलं, “मग टाळू कशी भरायची?” सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. ती मुलगी म्हणाली, “सॉरी मॅडम, काय भरायचं?” मी म्हटलं, “अहो, बाळाची टाळू, तेलाने. आणि पाय पसरून त्यावर बाळ आडवं घेतल्याशिवाय आंघोळ कशी घालायची?” ती बिचारी गोंधळली. म्हणाली, “मॅडम, आमचं पॅकेज पाच रात्रींचं आहे.” लोक हसले. प्राची हसली नाही.

स्टेशनबाहेर आल्यावर तिने मला थांबवलं. “खरं सांग, कुणाच्या बाळंतपणाला चाललीस?” मी सांगितलं. ती म्हणाली, “अगं, सुटलेल्या सुनेच्या? आणि मूल दुसऱ्या नवऱ्याचं? लोकांचं सोड, पण तू तिथे बसणार कोण म्हणून?” मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण मीही तेच विचारत होते. म्हटलं, “तिची आई ती दहावीत असताना गेली. तिला कुणी नाही.” प्राची म्हणाली, “कुणी नाही म्हणून बोलावलं, की तूच हवीस म्हणून?” मी रिक्षाला हात केला. दुसऱ्या दिवशी मात्र तिने उन्हाचं क्रीम आणून दिलं आणि म्हणाली, “लाव, नाहीतर काळी ठिक्कर होऊन येशील.” तेव्हा तिला माझं पटलं की नाही, तेही मला कळलेलं नाही.

सारसोळ्याहून कमळी अजून आपल्याकडे मासे घेऊन येते. ती दर खेपेला विचारायची, “तुजी सून दिसत नाय?” मी सांगत आले, परदेशात असते. ते खरंच होतं, त्यापुढचं सांगायला कधी जमलं नाही. परवा तिने पलंगावरची झबली पाहिली आणि पाटी खालीच ठेवली. “म्हंजे गो बाय, तू आजी व्हनार हाय! इतके दिवस बोललीस नाय ती!” तिने माझ्या हनुवटीला हात लावला. त्या हाताला बोंबलाचा वास होता. ‘नाही गं, तसं नाही’ असं म्हणायला तोंड उघडलं, आणि पापलेट कसं दिलंस ते विचारलं. त्या दिवशी तिने पापलेटाचे पैसे घेतले नाहीत. ते मी तळलं, खाल्लं, आणि आपण तिला फसवलं की काय म्हणून दिवसभर डोकं धरून बसले.

आता आशूचं सांगते. सांगावं की नाही, याचाही विचार केला. त्याने उलव्याला फ्लॅट घेतला आहे, एकटाच राहतो, रविवारी जेवायला येतो. तुम्ही दोघं वेगळे का झालात, हे मला अजून कळलेलं नाही. भांडण म्हणावं तर आवाज कधी चढला नाही. त्या तपासण्या, ती इंजेक्शनं, दर महिन्याचं ते वाट पाहणं, त्यात तुम्ही दोघं इतके दमून गेलात की शेवटी एकमेकांकडे बघेनासे झालात, इतकंच मला दिसलं. तू बाटिक शिकायला म्हणून तिकडे गेलीस तेव्हाही मला वाटलं, सहा महिन्यांनी येईल. कुणाला दोष द्यावा तर कुणी सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

तर गेल्या रविवारी आशू आला आणि त्याला बॅग दिसली. “कुठे दौरा?” मी म्हटलं, “जोगजाला.” तो म्हणाला, “देवळं बघायला?” मी भात वाढत होते. ह्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, “क्षिप्राला दिवस गेलेत. नववा लागेल आता. तिने बोलावलंय.” त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला. ताट स्वच्छ केलं, हात धुतले, आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. मी दारात उभी, कमरेवर हात ठेवून. हे म्हणाले, “जाऊ दे, येईल.” मला वाटलं, आता महिनाभर तरी येत नाही. मी खूप मोठी चूक करते आहे, त्याची आई मी, आणि त्यालाच दुखवून कुठे चालले, असं वाटून मी बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवायला सुरुवात केली.

तो तासाभराने आला. हातात दुकानातली पिशवी होती. त्यातून त्याने एक प्लग काढला. “तिकडे दोन गोल पिनांचे सॉकेट असतात. तुझा तीन पिनांचा चार्जर जाणार नाही.” मग एक घडीचा रेनकोट काढला. मग डासांच्या मलमाच्या दोन ट्यूब काढल्या. मी म्हटलं, “दोन कशाला?” त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. बॅगेची चेन ओढत म्हणाला, “तिला फार चावतात.” मग खाली बसून माझी सगळी बॅग त्याने नव्याने भरली. लाडवांचा डबा बघून विचारलं, “यात खसखस आहे?” मी म्हटलं, “होती. हे दुसरे केलेत.” तो म्हणाला, “गूळ कमी घातलास ना? तिला फार गोड चालत नाही.” एवढंच. जाताना दारात थांबला. मला वाटलं, आता विचारेल, ती कशी आहे, तो माणूस कसा आहे. तो म्हणाला, “एअरपोर्टला मी सोडतो. बाबांना गर्दीत त्रास होतो.” त्याला वाईट वाटलं की बरं वाटलं, ते मी त्याच्या तोंडावर खूप शोधलं. दोन्ही असेल. की तिसरंच काही असेल, जे मला माहीत नाही.

म्हणजे मी येते आहे, हे नक्की. तुम्हा लोकांत बाळाच्या डोक्याला तेल लावू देत नसतील तर तसं सांग. बायुच्या आईला मी नमस्कार करावा की हात मिळवावा, तेही कळव. तिच्या घरात, तिच्या नातवंडासाठी, मी पाटा-वरवंटा मागायचा का, की गप्प बसायचं? ती मला हसून काही म्हणाली तर मी नुसतं हसू का? तिच्यासाठी नारायणपेठ घेतली आहे. ती साडी नेसत नसली तरी तिचं काहीतरी शिवता येईल. मोरपंखी आहे. डास बसतील का गं त्यावर?

आणि आता जे विचारायला एवढं लिहिलं ते विचारते. तू म्हणालीस की बायुच्या आईला बाळ ‘एयांग’ म्हणेल, तिकडे तसंच म्हणतात. म्हणजे ‘आजी’ हा शब्द तुमच्या घरात मोकळाच आहे. तो मला मिळेल का? तुमच्या लग्नानंतर इतकी वर्षं मी त्याची वाट पाहिली, तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुझ्यावर आधीच खूप ओझं होतं. आता त्यावर माझा हक्क नाही हे मला कळतं. बायुला कदाचित आवडणार नाही. उद्या आशूने लग्न केलं तर आणखी गुंता होईल. तेव्हा तुझ्या मनात काही वेगळं असेल, मावशी म्हण, नंदिनी म्हण, काहीही, तर मला विमानात बसायच्या आधी सांग. तिथे बाळ हातात घेतल्यावर कळलं तर मला चेहरा सांभाळता येणार नाही. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. वाईट वाटेल, खूप वाटेल. तरी येईन.

तुझीच, पण कोण ते तू ठरवशील ती,
नंदिनी