फसलेल्या तोट्यांचं कपाट

३ जून

चि. ठमाबाई,
अनेक आशीर्वाद. डोळ्याची पट्टी सुटली. आता सगळं स्वच्छ दिसतं, तुझे उद्योगसुद्धा.

पॅकिंगवाल्या बाई इथे गावी भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, दीड वर्ष दर गुरुवारी तू आणि आपले भट्टीवाले मिस्त्री कारखान्याच्या मागच्या खोलीत आतून कडी लावून बसता. कपाटभर पितळी तोट्या केल्यात, विकली एकही नाही. मी विचारलं की तू ‘सगळं ठीक’ एवढंच लिहितेस. कुठेतरी पाणी मुरतंय. वेगळी चूल मांडायची असेल तर तोंडावर सांग. तुझे वडील गेल्यावर हा कारखाना मी एकट्यानं ओढला, तो फुटलेला बघायला नाही.

फसलेला माल शनिवारी भट्टीत, ही आपली जुनी रीत. कपाट रिकामं करायला मिस्त्रींना परस्पर कळवलंय. रागावू नकोस, रागवायची पाळी सध्या माझी आहे.

लोभ आहेच, पण जरा जपून करतोय.
काका

९ जून

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मिस्त्रींनी तीस वर्षांत मोडला नाही, शनिवारीही नाही. मी पोचले तेव्हा कपाट रिकामं होतं. तिथेच जमिनीवर बसून रडले.

काका, दोन वर्षांनी आपलं मोठं गिऱ्हाईक शिसं घातलेली तोटी घेणार नाही. मग कारखान्याला कुलूपच. म्हणून आम्ही बिनशिशाचं पितळ शोधत होतो. त्रेसष्ट वेळा फसलो. कुठे चीर पडायची, कुठे कापताना हत्यारच मोडायचं. प्रत्येक तोटीला चिठ्ठी बांधलेली होती: मिश्रण काय, उष्णता किती, बिघडलं काय. वही ठेवली नाही, कारण वह्या तुम्ही चाळता. आत्ताचं मिश्रण तुमच्या हातचं. ते जाणार, हे तुम्हाला सांगायची छाती झाली नाही.

तोट्यांबरोबर चिठ्ठ्याही भट्टीत गेल्या. मिस्त्रींना शेवटच्या आठ-दहा आठवतात. बाकीचं पुन्हा फसत फसत शोधायचं.

लोभ असू द्या, आणि संशय आला तर आधी मला विचारा.
तुमची पुतणी

१३ जून

चि. ठमाबाई,
आशीर्वाद, पण मान खाली घालून.

पत्र तीनदा वाचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. माझं मिश्रण जाणार याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू? पण तू मला घाबरलीस, ते जास्त लागलं.

सोमवारी येतो. एक गुरुवार पुरणार नाही, मंगळवारही घ्या. मिस्त्रींना बोलू नकोस, त्यांनी माझंच ऐकलं. आणि वही घाल. पहिल्या पानावर माझी चूक लिही: तारीख, काय केलं, काय गेलं. खाली सही मी करीन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी ठेव.
काका