मुदत संपलेलं सर्टिफिकेट

वारजे, पुणे

ती. बाबा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. डबा वेळेवर येतो. भाजीत साखर असते, एवढीच तक्रार.

तुम्ही दुकानात फ्रेम करून लावलेलं माझं क्लाउडचं सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. मागच्या महिन्यात त्याची मुदत संपली. पुन्हा परीक्षा द्यावी का, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. रोज तेच काम करतो, नव्या पोरांना मीच शिकवतो. तरी नव्या प्रोजेक्टच्या यादीत माझं नाव नाही. साहेब म्हणाले, "तुमचं काम मला माहीत आहे हो. पण क्लायंटला दाखवायला कागद लागतो."

तुम्ही तीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करताय. कधी कोणी कागद मागितला?

असो. परीक्षेला बसतोय. ऑफिसातून आल्यावर दोन पानं वाचली की डोळे मिटतात, पण होईल. तुम्ही काळजी करू नका.

आईचा गुडघा कसा आहे? आणि कानाचं मशीन घेतलंत का, की अजून 'बघू'च चाललंय?

गेल्या दसऱ्याला तुम्ही पाटावर पक्कड-पान्यांशेजारी ती फ्रेमही मांडली होतीत. आईने फोटो पाठवला होता. यंदाही मांडा. झेंडूचं फूल मात्र खाली उजव्या कोपऱ्यात ठेवा. तारीख तिथे आहे.

तुमचा,
सुदर्शन