लिफ्टच्या कामात माझं अनौपचारिक मार्गदर्शन

५ जानेवारी
सोसायटीच्या नव्या लिफ्टसाठी प्रोजेक्ट बोर्ड नेमला. उज्वलाताई अध्यक्ष, मी सदस्य. चौथ्या मजल्यावरची क्षिप्रा प्रोजेक्ट मॅनेजर. हुशार, पण वय लहान. बोर्ड महिन्यातून एकदाच बसणार. मधल्या काळात तिला सहज, अनौपचारिक मार्गदर्शन करायचं ठरवलं. जुनी लिफ्ट आजपासून बंद. आम्ही सहाव्या मजल्यावर, बायकोचे, जयमालाचे गुडघे दुखतात. तिला म्हटलं, मी बोर्डावर आहे, महिन्यात लिफ्ट.

९ जानेवारी, सकाळी
क्षिप्रा पार्किंगमध्ये सापडली. लिफ्ट आतून क्रीम नको, स्टीलची घे, असं सुचवलं. बघते काका, म्हणाली. नवी पिढी ऐकते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
विचारांती क्रीमच बरा. क्षिप्रा फोन उचलेना. लिफ्ट बनवणाऱ्या पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपला मीच कळवून टाकलं. तिचा तेवढाच ताप वाचला.

२० जानेवारी
तिने स्टील सांगितलं, मी क्रीम. वर्कशॉपने काम थांबवलं. कम्युनिकेशन गॅप! पोरीला शिकवायला हवं.

२९ जानेवारी
लिफ्ट बसवायला आलेल्या दिवाळे गावच्या हितेश फिटरला आरसा डावीकडे लाव म्हटलं. त्याने भोकं पाडली. ती बटणांची जागा निघाली. हितेश वैतागला. म्हणे, काका, मॅडम एक सांगतान, तुमी दुसराच, आमी आयकाचा कोनाचा? म्हटलं, तिचंच ऐक, पण मला विचारून. आता नवा पत्रा येईपर्यंत काम बंद.
जयमाला भाजी घेऊन येताना तिसऱ्या मजल्यावर बसून राहिली होती. चढण्याने गुडघे मोकळे होतात, असं समजावलं. पिशवी माझ्या हातात देऊन चढायला लागली. जरा वाईट वाटतंय.

८ फेब्रुवारी
जयमालाने अचानक बहिणीकडे नावड्याला जायचा हट्ट धरला. मलाही चल म्हणते. क्षिप्राला माझ्याशिवाय जमेल का विचारलं. जा काका, निवांत राहा, म्हणाली. धीराची मुलगी.

११ फेब्रुवारी, नावडे
क्षिप्राचा एकही फोन नाही. काम अडलं असणार, सांगायला लाजत असेल.

१७ फेब्रुवारी
परतलो. लिफ्ट चालू! आतून स्टील, आरसा मागे. जयमाला आत शिरली आणि रडायलाच लागली. म्हटलं, बघ, माझं मार्गदर्शन! डोळे पुसत म्हणाली, काकांना आठवडाभर कुठेतरी न्या, असं क्षिप्राने तिला सांगितलं होतं. मी रोज जिन्यात रडत होते हो, असंही म्हणाली. मी सहाचं बटण दाबलं.

२२ फेब्रुवारी
बोर्डाची मीटिंग. पुढचं काम पाण्याच्या टाकीचं. मॅनेजर पुन्हा क्षिप्राच. तिच्या बजेटमध्ये सिमेंटच्याही वर पहिला खर्च: विलासकाका व जयमालाकाकू, गणपतीपुळे, पंधरा दिवस. मी कडाडून विरोध करणार होतो. उज्वलाताई म्हणाल्या, ज्यात स्वतःचा फायदा आहे अशा विषयावर सदस्याला मत देता येत नाही.